पार्श्वभूमी : एलएमएसमधले ‘कम्प्लीट’ आले कुठून?

कंपन्यांमध्ये एलएमएसविषयी (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे कर्मचाऱ्यांचे ऑनलाइन कोर्स चालवून त्यांची नोंद ठेवणारी प्रणाली) दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. कर्मचारी म्हणतो, कोर्स शेवटपर्यंत केला तरी पेंडिंगच दाखवतोय. ट्रेनिंगवाले म्हणतात, रिपोर्टमध्ये सगळे कम्प्लीट आहेत, पण कामात काही फरक दिसत नाही. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, कोर्सची स्थिती नोंदवणारा एक रकाना, आणि ते आजच्या बहुतेक एलएमएसपेक्षा जुने आहे.

संगणकाकडून शिकवण्याचे प्रयोग त्याच्याही आधीचे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात १९६० साली प्लेटो ही यंत्रणा सुरू झाली. पुढे तिच्यावर चाचण्या, विद्यार्थ्यांच्या नोंदी, एकमेकांना निरोप असे बरेच काही आले. त्याच सुमारास, १९५९ पासून, एका प्राध्यापकाने लेख लिहून प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या : लोकांना ते कसे वाटले, ते काय शिकले, कामावरचे वागणे बदलले का आणि संस्थेच्या पदरात काय पडले. ट्रेनिंग क्षेत्रात या पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात, म्हणून इथे विस्तार करत नाही. एवढेच नोंदवतो, की पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत ठळक झालेली ‘कोर्स उघडून संपवला’ ही नोंद या चारांपैकी एकाही पायरीवर बसत नाही.

कंपन्यांच्या एलएमएसची वंशावळ विद्यापीठापेक्षा विमान उद्योगाकडे जास्त जाते. १९८०च्या दशकात वैमानिकांसाठी आणि देखभाल करणाऱ्यांसाठी संगणकावरचे धडे येऊ लागले होते, पण एका उत्पादकाचे धडे दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नसत. ताफ्यात वेगवेगळ्या बनावटीची विमाने असली, की ट्रेनिंगसाठी यंत्रेही वेगवेगळी घ्या, अशी गत होती. यावर तोडगा काढायला १९८८ साली उद्योगाने समिती नेमली. सुरुवातीला तिचे लक्ष हार्डवेअरवर होते. १९९३ साली तिने धडा आणि नोंद ठेवणारी प्रणाली यांनी एकमेकांना कोणती माहिती द्यायची, त्याचे नियम काढले. देवाणघेवाण चक्क फायलींतून होई : सुरू होताना धड्याने एक फाइल वाचायची, संपताना दुसरी लिहून ठेवायची. त्या फाइलीत ‘लेसन स्टेटस’, म्हणजे धड्याची स्थिती, नावाची एक ओळ होती.

ही ओळ तिथेच राहिली असती, तर आज तिच्यावर कोणी लिहिले नसते. पण १९९७ साली अमेरिकी सरकारने, मुख्यतः संरक्षण खात्यासाठी, असा कार्यक्रम हाती घेतला, की एकदा तयार केलेला डिजिटल धडा कुठल्याही प्रणालीवर चालावा आणि त्याच विषयावर पुन्हा पुन्हा पैसे खर्च होऊ नयेत. त्यातून स्कॉर्म हे कोर्स आणि एलएमएस यांना जोडणारे मानक निघाले. पहिली आवृत्ती जानेवारी २००० मध्ये आली आणि ऑक्टोबर २००१ मध्ये १.२. बाजाराने उचलली ती ही १.२. नोंदीचे नियम नव्याने लिहिण्याऐवजी विमान उद्योगाचेच बहुतांशी घेतले आणि फायलींच्या जागी ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट आली. कोर्स उघडला की तो एलएमएसला हाक मारतो, काही किमती वाचतो, काही लिहितो आणि शेवटी निरोप घेतो. वेळ वाचला हे खरे. पण लेसन स्टेटसही जसेच्या तसे आत आले.

या एका रकान्यात सहा किमती चालतात : पास्ड, कम्प्लीटेड, फेल्ड, इनकम्प्लीट, ब्राउज्ड आणि नॉट अटेम्प्टेड. रकाना एक, प्रश्न मात्र दोन. माणूस शेवटपर्यंत गेला का, हा एक. त्याला जमले का, हा दुसरा. सगळी पाने मन लावून पाहिलेला कर्मचारी चाचणीत नापास झाला, तर तो कम्प्लीटेड म्हणायचा की फेल्ड? दोन्ही खरे आहे, पण लिहायला जागा एकच. मग कोर्स तयार करणाऱ्याने ठरवायचे आणि त्याने काय ठरवले ते एलएमएसच्या रिपोर्टवरून कळायचे नाही. एका वेंडरच्या कोर्समध्ये कम्प्लीटेड म्हणजे ‘शेवटची स्लाइड पाहिली’, दुसऱ्याच्या कोर्समध्ये ‘चाचणीही दिली’. वरिष्ठांपुढच्या एक्सेलमध्ये दोघांची बेरीज एकाच कॉलममध्ये.

नियमात आणखी एक पोटकलम आहे, ते मला आजही गमतीचे वाटते. कोर्सने स्वतःहून स्टेटस कळवलेच नाही आणि नीट निरोप घेऊन तो बंद झाला, तर एलएमएसने ते कम्प्लीटेड धरावे. म्हणजे कोर्स बनवणारा ढिला असेल, तर उघडून बंद करणारा माणूसही प्रशिक्षित ठरतो. याच्या उलट टोकाला ब्राउझरची फुली. नीट निरोप घेण्याआधी खिडकी बंद झाली, तर शेवटची नोंद पोहोचतेच असे नाही. तासभर बसलेला माणूस इनकम्प्लीट राहतो आणि त्याला डेडलाइनची रिमाइंडर मेल जाते. त्याहून चीड आणणारा प्रकार असा : कर्मचाऱ्याने कोर्स पूर्ण केला, रिपोर्ट हिरवा झाला. दुसऱ्या दिवशी एक मुद्दा पुन्हा बघावा म्हणून त्याने तोच कोर्स उघडला. सुरू होताच कोर्सने सवयीप्रमाणे स्टेटस इनकम्प्लीट करून टाकले. उजळणी करणाऱ्याच्या वाट्याला मॅनेजरची एस्कलेशन मेल आणि एकदा क्लिक करून पुन्हा न फिरकलेला मात्र हिरवाच. चांगल्या एलएमएसनी पुढे यावर बांध घातले, पण तो प्रत्येकाचा आपापला उपाय होता.

बचाव असा केला जातो, की साधेपणामुळेच स्कॉर्म टिकले. त्यात तथ्य आहे. एखादा प्रोग्रामर आठवडाभरात जोडणी करू शकेल इतके ते सुटसुटीत होते. पण दुरुस्तीची संधी आली होती आणि ती हातची गेली. २००४ च्या आवृत्तीत हा रकाना फोडून दोन केले, पूर्णता वेगळी आणि यश वेगळे. नेमके हवे होते ते. मात्र त्याच आवृत्तीत धड्यांचा क्रम ठरवणाऱ्या नियमांचे असे जंजाळ जोडले, की अनेक वेंडर आणि कोर्स बनवणारे त्या वाटेला गेलेच नाहीत. दोन रकान्यांची सुधारणा एकटी आणली असती तर ती सहज पचली असती, असे मला वाटते. प्रत्यक्षात १.२ चीच झिप फाइल (कोर्स ज्या गठ्ठ्यात येतो ती) चालत राहिली. तिच्यात कोर्सला आपली खूणगाठ ठेवायला फक्त ४,०९६ अक्षरांची जागा आहे. लांबलचक कोर्समध्ये ती भरली, की ‘जिथे सोडले तिथून पुढे’ हे बटण दगा देते.

तांत्रिक निवड वाईट असली तरी तिला एवढे वजन आले ते कायद्यांमुळे. अमेरिकेत १९९७ साली औषध उद्योगासाठी इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचे नियम लागू झाले : कोणी, कधी, काय बदलले याचा माग प्रणालीत राहिला पाहिजे. एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) ‘वाचली व समजली’ अशा सह्यांचे कागदी गठ्ठे तिथे आधीपासून होते. ते एलएमएसमध्ये शिरले. १९९८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक छळाच्या खटल्यांत मालकाने प्रतिबंधासाठी वाजवी काळजी घेतली होती का, हा मुद्दा बचावात ग्राह्य धरला. आता ट्रेनिंगची नोंद हा वकिलाच्या कामाचा कागद झाला. २००४ साली कॅलिफोर्नियाने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना सुपरवायझरांसाठी दर दोन वर्षांनी लैंगिक छळ रोखण्याचे २ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. दोन तास म्हणजे दोन तास. ऑनलाइन कोर्सनेही तेवढा वेळ घेतलाच पाहिजे. ठरावीक सेकंद उलटेपर्यंत करड्या रंगात अडकून बसणारे ‘नेक्स्ट’ बटण ज्यांनी सोसले आहे, त्यांना असल्या तासांच्या हिशेबाचा परिणाम वेगळा सांगायला नको.

या काळात एलएमएस विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शिकणारा क्वचितच असे. ऑडिटर असे. कोर्स कसा आहे यापेक्षा रिपोर्ट किती झटपट निघतो यावर डेमो जिंकले जात. याला अपवाद होते. विक्री आणि ग्राहकसेवेच्या काही विभागांनी एलएमएसमधला निकाल कामाच्या आकड्यांशी जोडून पाहिला. पण तो मुख्य प्रवाह नव्हता. २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मोठ्या एचआर-सॉफ्टवेअर कंपन्यांनी स्वतंत्र एलएमएस कंपन्या विकत घेतल्या आणि ट्रेनिंगची नोंद अप्रेझलच्या शेजारी जाऊन बसली. स्टेटसच्या रकान्याला आता पगारवाढीचाही वास लागला.

पुढची दहा वर्षे घाईची गेली. मोबाइल आला, तसा फ्लॅशवर (ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणारे जुने तंत्र) बांधलेल्या कोर्सचा प्रश्न आला. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधारच संपला आणि मूळ फाइल जपून न ठेवलेल्या कंपन्यांना कोर्स नव्याने करून घ्यावे लागले. त्याच वर्षी महासाथीने वर्गातले ट्रेनिंग बंद पाडले. जे विभाग वर्षानुवर्षे एलएमएस टाळत आले होते, त्यांची व्हिडिओ कॉलवरची हजेरीसुद्धा त्याच रकान्यात भरली जाऊ लागली. कर्मचाऱ्याने स्वतः शोधून शिकावे असा आव आणणारे, शिफारशी देणारे नवे प्लॅटफॉर्मही याच दशकातले. सक्तीचे कोर्स मात्र बहुतेक ठिकाणी मागच्या जुन्या एलएमएसवरच राहिले.

रकान्याबाहेरचे काही टिपावे यासाठी २०१३ साली एक्स-एपीआय या नव्या मानकाची १.० आवृत्ती आली. तिच्यात नोंद वाक्यासारखी असते : कोणी, काय केले, कशावर. सिम्युलेटर, मोबाइल, कारखान्यातले यंत्र, कुठूनही ती पाठवता येते. सुरुवातीला क्रियापदे कोणीही काहीही वापरली आणि दोन प्रणालींच्या नोंदी एकमेकींशी जुळेनात. २०१६ च्या सीएमआय-फाइव्हने, म्हणजे एलएमएसमध्ये एक्स-एपीआय कसे वापरायचे याच्या नियमांनी, तो सैलपणा आवळला. कम्प्लीटेड आणि पास्ड ही दोन स्वतंत्र विधाने झाली. शिवाय पुढे सरकण्याचा निकष प्रत्येक धड्यासाठी आधीच लिहून ठेवायचा : केवळ पूर्ण, केवळ पास, दोन्ही, दोन्हींपैकी एक, किंवा काहीच अट नाही. हा निकष धड्याच्या आतल्या कोडमध्ये लपत नाही, कोर्सच्या रचनेत उघड लिहिलेला असतो; रिपोर्ट मागणाऱ्याला तो वाचता येतो. त्यानंतरही एलएमएसच्या अनेक निविदांमध्ये आवश्यक बाबींत स्कॉर्म १.२ असतेच, आणि सीएमआय-फाइव्ह असले तर ‘असल्यास उत्तम’ या सदरात.