बर्गरवाल्याला विचारायचा खरा प्रश्न: खिमा कधी काढला?

एखाद्या बर्गरवाल्यानं पाटीवर 'लोकल बीफ' लिहिलं की गोव्यात लगेच चर्चा सुरू, लोकल म्हणजे नक्की कुठलं, कारण इथं सरकारी कत्तलखाना उसगावला असला तरी बरंचसं मांस बेळगावच्या बाजूनं येतं. आणि गायीच्या कत्तलीविरुद्ध १९७८ चा कायदा आहे, त्यामुळे बीफ म्हणजे इथं म्हशीचं नाहीतर बैलाचं. पण चवीचं विचाराल तर गाव किती लांब यापेक्षा खिमा कधी काढला हे जास्त महत्त्वाचं.

हिशोब सोपा आहे. १० सेंटीमीटर बाजूच्या मांसाच्या चौकोनी ठोकळ्याचे अर्ध्या सेंटीमीटरचे ठोकळे केले की हवा लागणारा पृष्ठभाग २० पट होतो. तेवढ्या जागेवर ऑक्सिजन चरबीला खवट करायला लागतो, आणि जे जंतू आधी फक्त वरवर होते ते आता आत सगळीकडे पसरतात. म्हणून अख्खा स्टेक आतून कच्चा चालतो, बर्गर नाही. अमेरिकेत १९८२ साली हॅम्बर्गर खाऊन लोक आजारी पडले तेव्हा ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू पहिल्यांदा ध्यानात आला, आणि तिथं आता खिमा आतपर्यंत ७१ अंशांना पोचला पाहिजे असं सांगतात. नुसत्या रंगावर जाऊ नका, रंग फसवतो. लाल दिसतं ते रक्त नाही तर मायोग्लोबिन हे स्नायूंमधलं रंगीत प्रोटीन, हवेत ते लालभडक होतं आणि नंतर आपोआप तपकिरी, शिजलेलं असो वा नसो.

म्हशीचं मांस ओळखायचं तर चरबी बघा. गाय-बैलाची पिवळसर असते, म्हशीची पांढरी, कारण गवतातल्या बीटा-कॅरोटीन या पिवळसर रंगद्रव्याचं म्हैस जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्व करून टाकते. शिवाय म्हशीच्या मांसात धाग्यांमधली चरबी कमी, म्हणून नुसत्या मांसाची पॅटी कोरडी होते, वरून चरबी मिसळावी लागते, साधारण पाचव्या हिश्शाइतकी असली की बरं.

मीठ मात्र खिम्यात आधी कालवायचं नाही! मिठानं मायोसिन नावाचं प्रोटीन सुटतं आणि सगळं एकमेकांना घट्ट चिकटतं, मग बर्गरच्या जागी सॉसेजसारखा रबरी गोळा चावत बसा. तव्यावर टाकायच्या क्षणी वरून मीठ, बस.

आणि तवा तापलेला हवा. ज्या खमंग तपकिरी कवचासाठी आपण पैसे देतो ती मायार्ड अभिक्रिया, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार्डनं १९१२ साली मांडलेली, अमिनो आम्लं आणि साखर यांची. ती १४० अंशांच्या आसपास जोर धरते, पण पृष्ठभागावर पाणी असेल तोपर्यंत तापमान १०० च्या पुढं फारसं सरकतच नाही, म्हणून थंड तव्यावर किंवा एकदम दहा पॅट्या टाकल्या की त्या भाजत नाहीत, उकडतात. गोळा तव्यावर दाबून चपटा करतात ते याचसाठी, जास्त भाग तव्याला टेकतो. दाबायचं ते सुरुवातीलाच, मध्ये मध्ये कालथ्यानं दाबत राहिलं तर वितळलेली चरबी तव्यावर जाते आणि आपल्या वाट्याला चोथा.

पावाबद्दल एकच. काही जण हौसेनं पोईत, म्हणजे गोव्याच्या कोंड्याच्या पावात, बर्गर भरतात, मला पटत नाही, पोई तोडायला दातांना जोर लावावा लागतो आणि तेवढ्यात मऊ पॅटी मागच्या बाजूनं शर्टावर. पोदेराचा, म्हणजे इथल्या पाववाल्याचा, साधा मऊ पाव लोण्यावर भाजून घ्या.