"समाधानी आहात का?" विचारून गुणवत्ता कळत नाही

कुटुंबनियोजन केंद्राच्या अहवालात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत असतं: इतके टक्के लाभार्थी समाधानी. आणि लगेच खालच्या ओळीत: सेवेची गुणवत्ता उत्तम. ही उडी मला दर वेळी खटकते.

समाधान सगळ्यांना ठाऊक आहे. बाई बाहेर पडताना "कसं वाटलं?" विचारायचं आणि चौकटीत खूण करायची. बसायला बाकडं होतं का, किती ताटकळावं लागलं, कुणी खेकसलं का, एवढं त्यातून कळतं.

गुणवत्ता तपासायची तर "आत काय झालं?" हे विचारावं लागतं. कुटुंबनियोजन सेवांच्या अभ्यासक ज्युडिथ ब्रूस यांनी 1990 मध्ये सहा बाबी मांडल्या: गर्भनिरोधक साधनांची निवड, माहिती, तांत्रिक कौशल्य, वागणूक, पाठपुरावा आणि जोडीच्या इतर सेवा. यातली वागणूक बाईला तिथल्या तिथे कळते. पण जी साधनं तिला दाखवलीच नाहीत, त्यांची उणीव तिला भासणार कशी?

अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचंच बघा. दर तीन महिन्यांनी, सरकारी दवाखान्यात मोफत. नर्सताई गोड बोलल्या, काम झटपट झालं, बाई खूश. पण सुरुवातीला अवेळी रक्तस्राव होऊ शकतो, पुढे पाळी बंदही होऊ शकते आणि ती या औषधामुळे थांबते, हे कुणी सांगितलंच नाही. मग पाळी चुकते आणि घरात सुरू होतं: रक्त आत साठतंय, नाहीतर दिवस गेलेत. दुसऱ्या डोसला ती फिरकत नाही. अहवालात मात्र ती समाधानीच राहते.

तांत्रिक बाजू तर तिच्या नजरेच्या पलीकडची. 2014 मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत 83 नसबंदी शस्त्रक्रिया उरकल्या. नियमाची दिवसाची मर्यादा होती 30. डझनभर बायका दगावल्या. उपकरणं दोन शस्त्रक्रियांच्या मधे नीट निर्जंतुक झाली की नाही, हे टेबलावरच्या बाईने सांगावं अशी अपेक्षाच चूक. ते तपासणाऱ्याने स्वतः उभं राहून बघायचं असतं.

बाईला विचारायचे प्रश्न तीनच, आणि त्यांवर मी अडून बसते. इतर साधनांबद्दल सांगितलं का? या साधनाने काय त्रास होऊ शकतो, ते सांगितलं का? त्रास झाला तर काय करायचं, ते? तिन्हींना "हो" आलं तरच ते "हो" धरायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हेच विचारतात, त्यामुळे प्रत्येक केंद्राने आपला हसऱ्या चेहऱ्यांचा फॉर्म काढायची काही गरज नाही.

आणि ज्या नर्सताईंनी इंजेक्शन दिलं, त्यांनीच हे प्रश्न विचारू नयेत. पुढच्या खेपेला पुन्हा त्यांच्याच दारात यायचंय, हे बाईच्या डोक्यात असतं; ती "सगळं छान" म्हणूनच मोकळी होणार. दुसऱ्या डोसला न आलेल्यांची नावं नोंदवहीतून काढा आणि त्यांच्या घरी जाऊन आधी त्यांना विचारा.