कुलदैवत आणि इष्टदैवत: एक सांगून येतं, एक न सांगता

सत्यनारायणाच्या पूजेत सुरुवातीलाच गुरुजी भराभर नमस्कार सांगत जातात. इष्टदेवताभ्यो नमः, कुलदेवताभ्यो नमः, ग्रामदेवताभ्यो नमः, स्थानदेवताभ्यो नमः. आपण हात जोडून बसलेलो असतो आणि निम्मं लक्ष प्रसादाच्या शिऱ्याकडे असतं. माझंही इतकी वर्षं तसंच चाललं होतं. मग आमच्या पुतण्याचं लग्न झालं. सून पोलंडची. मराठी जेमतेम, पण कान तिखट. पूजा आटोपल्यावर ती म्हणाली, "काका, गुरुजी सारखं 'देवताभ्यो' म्हणत होते. त्या सगळ्या वेगवेगळ्या आहेत का?" आमचं कुलदैवत खंडोबा. मी उत्तर जुळवतोय तोवर तिचा खरा प्रश्न आला. "मला गणपती आवडतो. आता मी खंडोबाचंच करायचं का?"

हा प्रश्न फक्त तिचा नाही. नव्यानं पूजा-जप सुरू करणारे आपलेच लोकही इथेच अडखळतात. पुण्या-मुंबईत वाढलेली, घरी देवघर होतं पण कुणी काही समजावून सांगितलं नाही अशी पोरं. 'आमचं कुलदैवत दत्त' असं कुणी सांगितलं की मी हल्ली विचारतो, घराण्याचं की तुमचं? बऱ्याचदा कळतं की आजोबा दर पौर्णिमेला गाणगापूरला जायचे. म्हणजे ते आजोबांचं इष्टदैवत. कुळाचा देव जेजुरीला किंवा तुळजापुरात वाट बघत बसलेला असतो.

कुलदैवत आडनावासारखं असतं. आपण निवडत नाही, जन्मानं मिळतं, लग्न होऊन आलेल्या सुनेला सासरचं मिळतं. बहुतेक घराण्यांत जोडी असते, एक देव आणि एक देवी. खंडोबा आणि तुळजाभवानी, ज्योतिबा आणि कोल्हापूरची अंबाबाई, अशा. देवीला कुलस्वामिनी म्हणायचं. लग्नपत्रिकेच्या डोक्यावर गजाननाच्या शेजारी ज्यांचं नाव 'प्रसन्न' म्हणून छापतात, ते हे. आणि कुलदैवताशी नातं भावनेपेक्षा कृतीचं असतं. त्या कृतीला कुळाचार म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा एकट्यानं करताच येत नाही.

आमच्याकडे मार्गशीर्षात चंपाषष्ठीला तळी भरतात. ताम्हनात खोबऱ्याच्या वाट्या, विड्याची पानं, सुपारी, भंडारा. पाच जणांनी भोवती बसून ताम्हन धरायचं आणि 'सदानंदाचा येळकोट' म्हणत तीनदा वर उचलायचं. घराघरांत फरक असतो, पण एका माणसानं तळी उचलली असं होत नाही. नैवेद्याला वांग्याचं भरीत आणि रोडगा. ज्यांच्याकडे चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं त्यांची सुटका त्याच दिवशी होते. देवीच्या घराण्यांत लग्नानंतर गोंधळ. गोंधळी संबळाच्या तालावर गावांची नावं घेऊन एकेका देवाला बोलावतात, पाहुण्यांना हाक मारावी तसं. चित्पावनांत शुभकार्यानंतर बोडण असतं. दूध, दही, तूप, मध आणि पुरणाचा नैवेद्य सुवासिनी आणि कुमारिका मिळून कालवतात. बोडण पहिल्यांदा बघणाऱ्याला हे काय चाललंय असं वाटतंच.

या कशातही 'तुला देव आवडतो का' असं कुणी विचारत नाही. मावसभावाचं लग्न आवडो न आवडो आपण जातोच, तसं हे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. श्रद्धा डळमळीत असलेली माणसंही वर्षातून एकदा जेजुरीच्या पायऱ्या चढतात, कारण तिथे बाप चढला होता.

कुलदैवत कुळाला किती घट्ट चिकटलेलं असतं ते बघायचं तर गोव्याकडे बघावं. पोर्तुगीज अमलात देवळं पाडायला सुरुवात झाली तेव्हा लोकांनी आधी देव हलवले. मंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, 1560 मध्ये नदीपलीकडे प्रियोळला आणला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. घराणीही पांगली, कारवार, मंगळूर, मुंबईपर्यंत गेली. पण या देवांचे कुळावी, म्हणजे हे ज्यांचं कुलदैवत ती माणसं, आजही फोंड्याकडे येतात. त्यांतल्या कितीकांना मूळ गावात बापजाद्यांचं घर कुठे होतं ते दाखवता येणार नाही, देऊळ मात्र बरोबर सापडतं.

इष्टदैवताचं सगळं उलट. इष्ट म्हणजे हवासा वाटणारा. शब्द जुना आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत 'स्वाध्यायादिष्टदेवतासंप्रयोगः' असं सूत्र आहे. स्वाध्यायानं, ज्यात जप आला, आपल्या आवडत्या देवतेशी गाठ पडते, असा त्याचा सरळ अर्थ. यात घराणं नाही, भाऊबंद नाहीत, यात्रेची तारीख नाही. एक माणूस आणि एक रूप.

पंचायतन पूजेत हे अगदी डोळ्यांना दिसतं. स्मार्त घरांत पाच देवांची पूजा असते: शिव, विष्णू, देवी, सूर्य, गणपती. जुन्या देवघरांत मूर्तींऐवजी दगड असायचे. नर्मदेतला बाण शिवाचा, गंडकीतला शाळिग्राम विष्णूचा, तांबडा शोणभद्र गणपतीचा, स्फटिक सूर्याचा, सुवर्णमुखी देवीची. पाचही एकाच ताम्हनात. फक्त ज्याचं जे इष्ट ते मधोमध आणि बाकीचे चार भोवती. शिव मधे असला तर शिवपंचायतन, गणपती मधे असला तर गणेशपंचायतन. मधला बदलला म्हणून बाहेरच्यांना कुणी ताम्हनातून काढत नाही. सुनेला मी हेच चार वाट्या आणि एक लिंबू मांडून दाखवलं. मग तिनं लिंबू उचलून वाटी मधे ठेवली आणि म्हणाली, "आता हा माझा." तिला कळलं होतं.

एकाच माणसात दोन्ही कसे नांदतात याचं मला सुचणारं उत्तम उदाहरण अहिल्याबाई होळकरांचं. होळकरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. घराण्याच्या मूळ पुरुषाचं नावच मल्हार. जेजुरीतली कितीतरी बांधकामं होळकरांची. अहिल्याबाईंची स्वतःची ओढ मात्र महादेवाची. राज्याच्या हुकुमांवर 'श्रीशंकर' लिहायचं, चित्रांत हातावर पिंड, आणि 1780 मध्ये काशीला विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं. त्यासाठी खंडोबाला रजा द्यावी लागली नाही. आता कुणी चाणाक्ष वाचक म्हणेल, खंडोबा म्हणजे मार्तंडभैरव, शंकराचाच अवतार, मग दोन कुठे? खरं आहे. पण काशीत भंडारा उधळत नाहीत आणि पिंडीपुढे तळी उचलत नाहीत. तत्त्वानं एक असलेले देव रीतीनं वेगळे असतात, आणि कुलदैवत हा रीतीचाच मामला आहे.

काही घरांत दोन्ही एकच निघतात. तुकोबांच्या घरात विठ्ठल पिढ्यान्‌पिढ्या होता, देहूचं देऊळ घराण्याचंच. वारसाहक्कानं आलेला तो देव त्यांना स्वतःचा करून घ्यायला मात्र काय काय सोसावं लागलं ते महाराष्ट्राला माहीत आहे. आणि 'माझाच देव' या हट्टाचं टोक बघायचं तर नरहरी सोनारांची कथा आहेच. शिवाचे एवढे कट्टर भक्त की विठ्ठलाच्या कमरेचा करगोटा घडवायचा तर डोळ्यांवर पट्टी बांधून माप घ्यायला गेले. हाताला लागावा साप, जटा, पिंड. पट्टी काढावी तर समोर विठ्ठल. इष्टनिष्ठा म्हणजे दुसऱ्याकडे पाठ फिरवणं, असं वाटणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ऐकवावी.

देवक, गोत्र आणि ग्रामदैवत यांचाही यात काला होतो. गोत्र ऋषीच्या नावानं असतं. देवक म्हणजे लग्नात पुजतात ते पंचपल्लव किंवा तत्सम चिन्ह. ग्रामदैवत राहत्या गावाचं, जसा पुण्याचा कसबा गणपती; गाव बदललं की ते बदलतं. एवढं पुरे.

आता, कुलदैवतच माहीत नसेल तर? आधी आत्याला विचारा. वडिलांना आठवत नाही ते आत्यांना आठवतं, असा माझा अनुभव आहे. मग थोरल्या चुलत्यांच्या देवघरातले टाक बघा. टाक म्हणजे चांदीच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर ठोकून काढलेले छोटे देव. घोड्यावरचा खंडोबा असतो, देवी असते, कधी पूर्वजही असतात. वाटणीत ते बहुधा थोरल्या घरी जातात, म्हणून धाकट्या पातीच्या पुढच्या पिढीला काहीच ठाऊक नसतं. जुन्या लग्नपत्रिका काढा. मूळ गावच्या भावकीत फोन करा. नाशिक-त्र्यंबकेश्वरला घराण्यातलं कुणी गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मूळ गाव आणि पूर्वजांची नावं सापडू शकतात, आणि गाव सापडलं की देव सापडायला वेळ लागत नाही. तोवर 'श्री कुलदेवतायै नमः' एवढं म्हणायची पद्धत आहे. पत्ता नसला तरी नमस्कार पोचतो, असं आमची आजी म्हणायची.

आणि ज्याला कुळच नाही, म्हणजे दुसऱ्या धर्मात वाढून स्वतःहून इकडे वळलेला माणूस? त्यानं कुलदैवत शोधत बसू नये. त्याला ते नाही, आणि त्यानं काही अडत नाही. त्याची वाट इष्टदैवताची.

एका गोष्टीचा मात्र मला राग येतो. नोकरी गेली, लग्न जमेना, की कुणीतरी सांगतं कुलदैवताचा कोप आहे, आणि लगेच शांतीचा खर्च. कुळाचार राहिला असेल तर जाऊन करावा, नारळ ठेवावा, विषय संपला. भीती घालून देवाकडे पाठवणाऱ्याला दक्षिणा देऊ नये. तसंच कुंडलीवरून इष्टदेवता काढून देणाऱ्या ॲपचं. ज्याचं नावच 'आवडता' आहे, तो गणितानं ठरवायचा? गाडी घसरताना तोंडातून ज्याचं नाव निघतं, तिथून सुरुवात करावी.

ही सुरुवात फार लहान असावी. एक जागा, एक वेळ, एक रूप. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य ही पंचोपचार पूजा. नैवेद्याला साखरेचे चार दाणे चालतात. षोडशोपचाराच्या, म्हणजे सोळा उपचारांच्या, फंदात पहिल्या वर्षी पडू नये. दीक्षेचे मंत्र गुरूकडून घ्यायचे असतात, नामाला तशी अट नाही. 108 मण्यांची माळ घ्यावी, मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मणी, आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवावी. आणि महिन्याभरात देव बदलू नये. सोमवारी शंकर, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती, असं वारांप्रमाणे फिरलं की ओळख कुणाशीच होत नाही.

सुनेनं गणपती स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडला. रोज एक दिवा आणि अकरा वेळा नाव, एवढंच. खंडोबाचा टाक थोरल्या भावाकडे आहे, तो तिथेच राहील. परवा चंपाषष्ठीला तळी भरायला पाचवा माणूस मिळेना. पुतण्या ऑफिसातून निघाला नव्हता. बायकांनी ताम्हन धरायचं का यावर दोन मिनिटं कुजबुज झाली, मग भावजयच म्हणाली, "धर गं तू." तिनं डोक्यावर ओढणी घेतली आणि येळकोट म्हणताना 'ळ' चुकवला. भरीत मात्र तिखट झालं होतं, तिनं दोनदा पाणी मागितलं.