बिंदूंना जालकाचे स्वतःचे अक्ष कसे मिळाले

केप्लरने 1611 मध्ये हिमकणांवरच्या छोट्याशा पुस्तिकेत एकसारख्या गोलांची सर्वांत दाट रचना सांगितली, पण सिद्धता दिली नाही. त्या रचनेतला प्रत्येक गोल 12 शेजाऱ्यांना टेकतो आणि सुमारे 74 टक्के जागा भरते.

पुढचा धागा खनिजांकडून आला. स्फटिक म्हणजे एकसारख्या सूक्ष्म ठोकळ्यांची थप्पी, असे फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ आयुईने 1784 मध्ये मांडले. तसे असेल तर स्फटिकाच्याच अक्षांवर मोजल्यास त्याच्या पृष्ठांचा कल लहान पूर्णांकांत सांगता यायला हवा, आणि तो येतो. मिलरने 1839 मध्ये रुळवलेले तीन अंकांचे निर्देशांक याच कल्पनेवर उभे आहेत.

गणिताच्या बाजूने मोठी उडी गाउसची. झेबरच्या ग्रंथाचे परीक्षण लिहिताना, 1831 मध्ये, त्याने तीन सदिश आणि त्यांच्या गुणाकारांतून येणाऱ्या सहा संख्या यांवर सारे जालक, म्हणजे सर्व दिशांना ठरावीक अंतरांनी पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिंदूंची मांडणी, उभे केले. जालकरूपी रचनांपुरते केप्लरचे म्हणणेही तिथेच सिद्ध झाले. पुस्तक-परीक्षणात एवढा ऐवज क्वचितच सापडतो! कोणत्याही रचनेसाठीची सिद्धता हेल्सने 1998 मध्ये जाहीर केली.

सममितीनुसार जालकांचे प्रकार किती? फ्रांकेनहाइमने 15 मोजले. त्यांतले दोन एकच असल्याचे ब्राव्हेने दाखवले आणि 14 हा आकडा कायम झाला. अणू खरोखरच असे रचलेले असतात याचा पुरावा मात्र 1912 च्या क्ष-किरण प्रयोगांनंतरच मिळाला.

निर्देशक, म्हणजे बिंदूची जागा सांगणारे अंक, कोणते घ्यायचे, हा पेच यातूनच निघतो. केप्लरच्या रचनेला जालकाचे तीन तिरके अक्ष दिले की प्रत्येक बिंदूला, म्हणजे गोलाच्या केंद्राला, तीन पूर्णांक मिळतात, एकही त्रिकूट वाया जात नाही. पण मग काही शेजारी (1, 0, 0) होतात, काही (1, −1, 0), आणि रचनेत असलेली घनाची सममिती झाकली जाते. काटकोनी अक्ष घेतले तर ती लख्ख दिसते. बाराही शेजारी (±1, ±1, 0) आणि त्यांची अदलाबदल. अट इतकीच की तिन्ही अंकांची बेरीज सम हवी. माझ्या मते सर्वांत देखणी तिसरी वाट : बेरीज शून्य होणारे चार पूर्णांक. शेजाऱ्याकडे जायचे तर एका अंकात 1 मिळवायचा, दुसऱ्यातून 1 वजा करायचा. अशा निवडी 4 × 3, म्हणजे बरोबर 12. चौथा अंक इतर तिघांवरून काढता येतो, तरी तो ठेवल्याने चारही दिशांना सारखाच मान मिळतो. षट्कोनी स्फटिकांसाठी चार अंकांचे निर्देशांक वापरतात, तेही याच कारणाने.