नखावरचं इंद्रधनुष्य बाटलीत नसतं

नवरात्रीची खरेदी सुरू झाली, की ठाण्यात गोखले रोडवरच्या दुकानांत नेलपॉलिशच्या बाटल्यांभोवती मुलींची गर्दी होते. गडद मरून, वांगी, मोरपंखी, आणि त्यावर इंद्रधनुष्याची झळाळी असलेलं ‘होलोग्राफिक’ नेलपॉलिश अनेकींना हवं असतं. ‘यात सात रंगांची चमकी घातलेली असते,’ असं दुकानात बिनदिक्कत सांगितलं जातं. तसं मुळीच नाही. मरून बाटलीत मरून रंगद्रव्य असतं आणि अॅल्युमिनियमचा चंदेरी चुरा असतो, बस्स. होलोग्रामही नसतो. डेनिस गॅबोर यांना ज्यासाठी १९७१चं नोबेल मिळालं, त्या होलोग्रामात वस्तूची त्रिमितीय प्रतिमा साठवलेली असते. इथे साठवलेलं काहीच नाही. इथे आहेत फक्त रेघा, आणि त्या रेघांचं काम मला फार सुंदर वाटतं.

चुऱ्याचा एकेक कण म्हणजे चपटा पापुद्रा. तो साधारण ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद आहे असं धरू, म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीचा. त्यावर एकमेकांना समांतर, अतिशय बारीक चर उमटवलेले असतात. दोन चरांमधलं अंतर १ मायक्रॉनच्या आसपास. याला विवर्तन जालक म्हणतात. सीडीवर रंग दिसतात तेही असेच, तिथे दोन ट्रॅकमध्ये १.६ मायक्रॉन अंतर असतं. १७८५ मध्ये अमेरिकेत डेव्हिड रिटनहाउस यांनी चक्क केस ओळीने ताणून असं जालक बनवलं होतं.

आता पापुद्र्यावर पांढरा प्रकाश सरळ पडला असं समजा. प्रत्येक चरापासून लाटा सगळीकडे पसरतात. तिरक्या दिशेने पाहिलं, तर एका चराकडून येणाऱ्या लाटेला शेजारच्या चराच्या लाटेपेक्षा थोडं जास्त अंतर कापावं लागतं. हे जादा अंतर ज्या रंगाच्या तरंगलांबीइतकं, म्हणजे लाटेच्या दोन शिखरांमधल्या अंतराइतकं, भरतं, त्या रंगाची शिखरं शिखरांशी जुळतात आणि तो रंग त्या दिशेला उजळतो. जांभळ्याची तरंगलांबी ०.४ मायक्रॉन, लालची ०.७. चरांमधलं अंतर १ मायक्रॉन असेल, तर ज्या कोनाची साइन ०.४ तो कोन जांभळ्याचा, म्हणजे सुमारे २४ अंश. ज्याची साइन ०.७ तो लालचा, सुमारे ४४ अंश. बाकीचे रंग मधल्या कोनांत. लोलकात जांभळा सर्वांत जास्त वळतो, इथे लाल.

पण दोनच चर असते तर रंग एकमेकांत मिसळून गेले असते. खरी करामत चरांच्या संख्येत आहे. ३० चर घ्या. हिरव्यासाठी नेमक्या असलेल्या दिशेला किंचित वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश पाठवला, तर शेजारच्या दोन चरांत शिखरं जुळण्यातली चूक नगण्य असते. ती दर चरागणिक साठत जाते आणि तिसाव्यापर्यंत एका अख्ख्या तरंगाची होते. मग पहिल्या पंधरा चरांच्या लाटा पुढच्या पंधरांना अचूक खोडून काढतात, तिथे अंधार! त्यासाठी तरंगलांबीत तिसाव्या हिश्शाचा फरक पुरतो, हिरव्याजवळ सुमारे १८ नॅनोमीटर, म्हणजे ०.०१८ मायक्रॉन. केसाहून बारीक पापुद्रा एवढ्या काटेकोरपणे रंग वेगळे करतो.

मात्र हे सगळे पापुद्रे नखावर आडवे पडायला हवेत. बाटलीत ते वाटेल तसे तरंगत असतात, म्हणून तिथे राखाडी दिसतात. लावल्यावर इथाइल आणि ब्युटाइल अॅसिटेटसारखी द्रावकं उडून जातात, थर बसतो आणि पापुद्रे दाबले जाऊन निजतात. नखाच्या गोलाव्यामुळे कोन जागोजागी बदलतो. म्हणून पांढऱ्या चकाकीच्या लगत जांभळा, मग निळा, हिरवा, आणि सर्वांत बाहेर लाल असे पट्टे दिसतात. उन्हात बोट धरून हा क्रम जरूर तपासा.

ऊन मात्र हवंच. पावसाळी आभाळाचा प्रकाश सगळीकडून येतो, प्रत्येक दिशेचं इंद्रधनुष्य दुसरीवर चढतं आणि उरतो फिका करडेपणा. लांबलचक ट्यूबलाइटखालीही बरंचसं तेच. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, त्यामुळे रंग सुटे राहतात. ऑक्टोबरमध्ये पाऊस माघारी गेला की ठाण्यात जे कडक, स्वच्छ ऊन पडतं, ते या नेलपॉलिशसाठी उत्तम. शरद हाच त्याचा ऋतू.

याच झळाळीच्या जोरावर मोबाइलला चिकटवायचे ‘रेडिएशन शोषणारे’ स्टिकर विकले जातात. ही शुद्ध फसवणूक आहे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींची लांबी साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे १ मायक्रॉनच्या चरांच्या सव्वा लाख पट. त्या लहरींना हे चर जाणवतही नाहीत. असा स्टिकर घरात असेल तर काढून टाका.

आता गडद रंगाबद्दल. पापुद्र्याकडे जाताना आणि परतताना असा दोनदा प्रकाश मरून रंगद्रव्यातून जातो, आणि मरून हिरवा-निळा शोषून घेतं. त्यामुळे मरून नखावरच्या पट्ट्यांत लाल-नारिंगी ठसठशीत दिसतात आणि हिरवा दबतो. मोरपंखीत याच्या उलट. रंगद्रव्य फार दाट असेल तर पट्टे जवळजवळ दिसेनासेच होतात. तेव्हा बाटली घेण्याआधी एका नखावर पातळ हात मारा, वाळू द्या, आणि दुकानाबाहेर उन्हात येऊन बघा.