‘डोकं थांबत नाही, म्हणून घेतो’

बेळगावच्या वडगावात मागावर काम करणारे एक ओळखीचे काका रोज संध्याकाळी घेतात. का घेता, असं एकदा विचारलं. म्हणाले, “रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोकं चालू होतंय बघ. घेतली की थांबतंय.”

या उत्तरात दारूपेक्षा काकांच्या डोक्याबद्दलच जास्त आहे. विचार आपले आपल्याला आवरत नाहीत, दारू आवरते, अशी त्यांची समजूत. स्वतःच्या विचारांबद्दलच्या अशा समजुतींना मानसशास्त्रात ‘अधिबोध’ म्हणतात, आणि त्या मोजता येतात. मार्कान्तोनिओ स्पाडा आणि एड्रियन वेल्स यांनी २००८ साली त्यासाठी दोन प्रश्नावल्या मांडल्या. एकीत १२ विधानं आहेत: दारूनं मन सावरतं, विचार ताब्यात राहतात, अशा धाटणीची. दुसरीत ६: पिणं माझ्या हातात राहिलेलं नाही, दारूनं डोकं बिघडेल, अशी. प्रत्येक विधान किती पटतं ते चार पायऱ्यांत सांगायचं. ही बेरीज मग पिण्याशी ताडून बघतात. पिणं मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी आहे. तिचे गुण ० ते ४०. ८ झाले की सावध व्हायचं.

समजुतीमुळे पिणं वाढतं की पिऊन पिऊन समजूत घट्ट होते, हे एकदाच केलेल्या मोजणीतून कळत नाही. या संशोधकांच्या मते दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. ‘दारूनं मन सावरतं’ ही पहिल्या प्रश्नावलीतली समजूत बाटलीकडे नेते. दुसरीतली जास्त घातक, कारण ‘आपल्या हातात नाही’ म्हणणारा माणूस प्रयत्नच सोडतो.

या प्रश्नावल्या आमच्या सीमाभागात वापरायच्या, तर खरी कसोटी शब्दांची आहे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही. ‘माझ्या विचारांवर माझे नियंत्रण नाही’ असं पुस्तकी वाक्य पुढं ठेवलं की माणूस नुसती मान डोलावतो. ‘टेन्शन’ म्हणावं, तर कुणाला त्यात सोसायटीचं कर्ज दिसतं, कुणाला डोकेदुखी. म्हणून भाषांतर करून भागत नाही, चार माणसांसमोर बसून “यातून तुम्हाला काय कळलं?” असं विचारावंच लागतं. ते टाळलं तर आकडे येतील, पण ते कशाचे हे सांगता येणार नाही.

रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र एकाएकी बंद करू नये, झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना भेटावं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं.

अधिबोधावर आधारलेल्या उपचारात ही समजूतच तपासायला घेतात. मी काकांना विचारलं, न घेता डोकं शेवटचं कधी थांबलं होतं?

बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सकाळी धागा तुटला तेव्हा. जोडेपर्यंत दुसरं काय सुचतंय?”