हवाईच्या बायकांनी गोळा केलेल्या सह्या आणि त्यांचा शंभर वर्षांनी लागलेला शोध

हवाई बेटं अमेरिकेत सामील झाली तेव्हा मूळ रहिवाशांनी फारसा विरोध केला नाही, असं विसाव्या शतकातली इतिहासाची पुस्तकं अनेक दशकं सांगत राहिली. त्याच काळात विरोधाचा लेखी पुरावा खुद्द वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून होता: विलीनीकरणाविरोधातल्या अर्जाची ५५६ पानं आणि २१,२६९ सह्या, त्यातल्या जवळपास निम्म्या बायकांच्या. १९९६ साली तो नोएनोए सिल्वा या हवाईअन संशोधिकेच्या हाती लागला.

मामला सुरू होतो १८९३ पासून. १६ जानेवारीला अमेरिकन नौसैनिक होनोलुलूत उतरले आणि दुसऱ्याच दिवशी साखरमळेवाल्या व व्यापारी गोऱ्यांच्या गटाने राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवली. त्याच वर्षी ‘हुई अलोहा आइना’ ही देशभक्तांची संघटना उभी राहिली आणि तिच्याबरोबर बायकांची स्वतंत्र शाखाही. बायकांना मताधिकार नव्हता. पण राजाकडे, विधिमंडळाकडे अर्ज करण्याची रीत हवाईत चांगली रुळलेली होती आणि अर्जावर सही करायला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. या शाखेच्या बायकांनी तीच वाट धरली.

१६ जून १८९७ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या सरकारने सत्ता उलथवणाऱ्या गटाच्या सरकारशी विलीनीकरणाचा करार केला. ६ सप्टेंबरला होनोलुलूत राजवाड्याजवळ मोठी सभा झाली आणि सह्यांची मोहीम सुरू झाली. अर्जाचा छापील कागद नीट पाहण्यासारखा आहे. मजकूर हवाईअन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. जिल्हा आणि बेट यांच्यासाठी मोकळी जागा. खाली सही आणि वय यांचे रकाने. ‘कोणत्याही स्वरूपात’ विलीनीकरण नको, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं, त्यामुळे पुढे वाटाघाटीत अर्थ फिरवायला जागाच उरत नव्हती. बायकांचे कागद वेगळे, पुरुषांचे वेगळे. बायकांच्या शाखेच्या अध्यक्ष कुआइहेलानी कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकारी एमा नावाही बोटीने हिलोला गेल्या, तिथे बायकांची सभा घेतली आणि सह्या आणल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘कॉल’ या वर्तमानपत्राच्या बातमीदार मिरियम मिशेलसन तिथे हजर होत्या, म्हणून त्या सभेचं वर्णन इंग्रजीतही उरलं. एमाबाई स्वतः पत्रकारितेतल्या. १८९६ मध्ये पतीचं निधन झाल्यावर ‘के अलोहा आइना’ हे हवाईअन वृत्तपत्र त्यांनीच चालवलं.

डिसेंबरमध्ये चार प्रतिनिधींनी सह्यांचा गठ्ठा वॉशिंग्टनला पोहोचवला आणि सिनेटर जॉर्ज होर यांनी तो सभागृहात मांडला. कराराला सिनेटमध्ये दोनतृतीयांश मतं लागत होती. फेब्रुवारी १८९८ पर्यंत ४६ च मतं जमली आणि करार बारगळला. हा या बायकांचा विजय होता, आणि तो विजय म्हणूनच सांगितला पाहिजे. एप्रिलमध्ये स्पेनशी युद्ध सुरू झालं, पॅसिफिकमधल्या तळाची निकड पुढे केली गेली आणि साध्या बहुमताने संमत होणारा संयुक्त ठराव आणून हवाई ताब्यात घेण्यात आलं. ७ जुलै १८९८ रोजी त्यावर मॅकिन्लींची सही झाली.

एवढा मोठा विरोध विसरला गेला याचं मुख्य कारण भाषा. १८९६ च्या कायद्याने शाळेचं माध्यम इंग्रजी झालं, मुलांना हवाईअन बोलण्याबद्दल शिक्षा होऊ लागल्या. दोन पिढ्यांत आजीची भाषा नातवंडांना वाचता येईना. इतिहासकारांनी इंग्रजी कागदांवरच भिस्त ठेवली. १८३४ ते १९४८ या काळात हवाईअन भाषेत शंभरच्या आसपास नियतकालिकं निघाली होती, ती कोणी उघडली नाहीत. त्यामुळे सत्ता उलथवणाऱ्यांनी लिहून ठेवलेलीच हकिकत प्रमाण ठरली.

मधल्या काळात धागा टिकवला तोही बऱ्याच अंशी बायकांनी. १८९५ मध्ये राजवाड्याच्या एका खोलीत कैदेत असताना राणीने सोबतिणींसह रेशमी तुकड्यांची, नऊ चौकोनांची गोधडी शिवायला घेतली. सत्तांतराच्या घटना आणि माणसांची नावं तिच्यावर भरतकामात आहेत, आणि ती आज इओलानी राजवाड्यातच पाहायला मिळते. पुढे होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये हवाईअन भाषेच्या अभ्यासक मेरी कावेना पुकुई यांनी वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि भाषातज्ज्ञ सॅम्युएल एल्बर्ट यांच्याबरोबर १९५७ मध्ये हवाईअन-इंग्रजी शब्दकोश काढला. जुनी वर्तमानपत्रं वाचायला बसणाऱ्या नव्या पिढीच्या हाताशी हा कोश होता. सिल्वा यांचं कामही अशा हवाईअन वाचनावरच उभं आहे.

१९९८ मध्ये, विलीनीकरणाच्या शंभराव्या वर्षी, हे अर्ज बिशप म्युझियममध्ये मांडले गेले आणि लोक त्यात आपल्या पणज्या शोधू लागले. शोधताना काही गोष्टी अडतात. आज हवाईअन लिहिताना कंठ्य उच्चाराचं आणि दीर्घ स्वराचं चिन्ह वापरतात. त्या काळच्या सह्यांत ती सहसा नसतात. त्यामुळे आजच्या स्पेलिंगने नाव सापडलं नाही तर चिन्हं गाळून पाहावं. केआलोहासारखं नाव बाईचंही असतं आणि पुरुषाचंही. अशा वेळी कागद कोणत्या शाखेचा आहे हे आधी पाहावं, मग जिल्हा आणि वय ताडून पाहावं. वय एक-दोन वर्षांनी चुकलं म्हणून लगेच नाव सोडू नये.

आकड्यांची गफलतही वारंवार होते. ‘हुई कालाइआइना’ या दुसऱ्या संघटनेने राजसत्ता परत आणण्यासाठी सुमारे १७ हजार सह्या वेगळ्या घेतल्या होत्या. मागण्या दोन दिसल्या तर आपल्यातच फूट आहे असं वाटेल, म्हणून प्रतिनिधींनी विलीनीकरणविरोधी अर्ज तेवढाच पुढे केला. दोन्ही बेरजा एकत्र करून ३८ हजार माणसं सांगितली जातात, पण अनेकांनी दोन्हीकडे सही केलेली असणार. हवाईअन लोकसंख्याच तेव्हा सुमारे ४० हजार होती, लहान मुलं धरून. म्हणून लिहिताना २१,२६९ हाच आकडा द्यावा. तेवढाही निम्म्याहून अधिक लोकसंख्येइतका भरतो.